मुकी कळ आणि चारशे खुर्च्या

ही गोष्ट खरी मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि उद्या जन्मलाच तर इतका भोळा निघेल की त्याची आई त्याला एकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानातही पाठवणार नाही. तरी सांगायची ती सांगायचीच.

एका सोमवारी सकाळी भांडाराच्या गल्लीत चारशे खुर्च्या येऊन उभ्या राहिल्या. मागवल्या होत्या चाळीस. भांडार म्हणजे शाळांना, दवाखान्यांना, कचेऱ्यांना लागेल ते सामान मागवून पुरवणारी कचेरी. आधी गोदाम भरलं, मग व्हरांडा, मग जिना, आणि उरलेल्या खुर्च्या गल्लीत एकीवर एक चढल्या. पोस्टमन त्यांच्यावरून चालत जाऊन दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत थेट हातात पत्र द्यायला लागला. एक मांजरी गल्लीच्या या टोकाला खुर्चीवर चढली ती जमिनीला पाय न लावता त्या टोकाला उतरली, आणि वाटेत तिला चार पिल्लं झाली म्हणतात. पिल्लांचं खोटं असेल. खुर्च्यांचं खरं आहे.

बरं, हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. आदल्या आठवड्यात वीस बादल्यांच्या जागी दोनशे आल्या होत्या, त्याच्या आदल्या आठवड्यात दहा शिड्यांच्या जागी शंभर. दरवेळी मागणीपत्रात एक शून्य जास्तीचं. आणि मागणीपत्रं टाइप करणारं माणूस भांडारात एकच होतं. कळलाव्याची लेक.

कळलाव्या म्हणजे भांडणं लावून देणारा. पण याचं नाव पडलं ते धंद्यावरून. कळफलकाच्या कळा उपटायच्या, झाडायच्या, बिघडलेल्या बदलायच्या आणि पुन्हा लावायच्या, हा त्याचा चाळीस वर्षांचा उद्योग. भांडणंही लावायचा, पण ती फुकट. माणूस भलता संशयी. घड्याळात बारा वाजले तरी दुसऱ्या घड्याळाला विचारल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. वजनकाट्यावर उभा राहिला की आधी काट्याकडे असा रोखून बघायचा की काटाच ओशाळायचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाला तीस वर्षं झाली, अजून सकाळी उठल्यावर माझ्याकडे असे बघतात, जणू रात्रीतून कोणी बदलून ठेवली."

अशा माणसाचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता. एका जुन्या, कधीच बंद पडलेल्या कारखान्याच्या मुक्या कळीवर.

आता कळा पुष्कळ प्रकारच्या असतात. काही दाबल्या की कट् करतात. काही मध्येच बोटाला बारीकशी ठेच देतात, म्हणजे दाबणाऱ्याला समजावं, उमटलं बरं का अक्षर. ही कळ तसलं काही करायची नाही. बाहेर एक काळी डबी, आत सरकता दांडा, दांड्याखाली स्प्रिंग, आणि बाजूला सोन्याचा मुलामा दिलेली केसासारखी पातळ पाती. दांडा खाली जायला लागला की त्याच्या अंगावरचा उतार पातीला मोकळं करतो, पाती समोरच्या पत्र्याला टेकते आणि अक्षर उमटतं. तेही निम्म्या वाटेवर, दांडा तळाला पोचायच्या आधीच. बोटाला ना आवाज, ना ठेच. विहिरीत पोहरा उतरावा तशी वरून खाली सरळ. आणि हे सगळं कोरडं. कारखान्यातून कळ निघायची तीच इतकी गुळगुळीत की तिला तेलाचा थेंब म्हणजे अपमान. कोणी गिऱ्हाईक "काका, जरा तेलपाणी करा" म्हणालं की कळलाव्या त्याला दुकानाच्या पायरीवरच अर्धा तास सुनवायचा.

"चुगलखोर नाही ती," तो म्हणायचा. "सांगितलेलं काम करते आणि तोंड मिटून बसते. अशी माणसं दाखवा मला."

लेकीला भांडारात नोकरी लागली तेव्हा त्याने भंगारातले दोन कळफलक फोडून, त्यातल्या चांगल्या कळा निवडून एक अख्खा कळफलक तिला बांधून दिला होता. त्यावरच तिने शिड्या मागवल्या, बादल्या मागवल्या, आणि त्यावरच या खुर्च्या.

त्या सोमवारी दुपारी लेक दुकानात आली ती हातात कागद घेऊन.

"मोठ्या बाईंनी लेखी दिलंय बाबा. बुधवारी तीन वाजेपर्यंत खुलासा करा, नाहीतर गुरुवारपासून येऊ नका."

मोठ्या बाई म्हणजे भांडाराच्या प्रमुख. कळलाव्याने कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला, सहीवर बोट फिरवलं.

"सही त्यांचीच?"

"बाबा!"

"बरं बरं. शून्य किती वेळा दाबलंस?"

"एकदा."

"नक्की?"

"तुमची मुलगी आहे. दाबायच्या आधी दहादा विचार करते, दाबते एकदाच."

"मग पाठवायच्या आधी वाचलं नाहीस?"

"वाचलं ना. पण मी चाळीस टाइप केले होते, तर मला चाळीसच दिसले. आपण लिहिलेलं कोण नीट वाचतं?"

कळलाव्याने कागद पुन्हा उलटा केला. मग म्हणाला, "म्हणजे तू म्हणतेस, कळ दोनदा बोलली."

"मी काही म्हणत नाहीये. मी एकदाच दाबलं, एवढंच म्हणतेय."

"तेच झालं. एक तर कळ खोटी, नाहीतर तू."

"आणि तुम्हाला यात विचार करावा लागतोय!" लेक म्हणाली, आणि कागद त्याच्या हातातून ओढून घेऊन निघून गेली.

विचार करावा लागतच होता. पण कळलाव्याच्या डोक्यात अजून तिसरी वाट होती. तिसरा कोणीतरी माणूस. संशयी माणसाला तिसरा माणूस नेहमी लागतो. दोघांत त्याचं भागत नाही.

मंगळवारी कळफलक झाडायचं निमित्त करून तो भांडारात गेला आणि आधी गोदामवाल्याला गाठलं. गोदामवाला पन्नाशीचा, अंगाने आडवा, आणि त्या आठवड्यात कमरेने वाकडा झालेला. चारशे खुर्च्या त्यानेच उतरवल्या होत्या.

"शंभर शिड्या आल्या तेव्हा पावतीवर सही कोणाची?"

"माझी."

"का केलीत?"

"कागदावर शंभर, गाडीत शंभर, मी मोजल्या तर शंभर. मग काय, एकेका शिडीला ओळखपत्र विचारू?"

"पण एवढ्या शिड्या कशाला, असं मनात नाही आलं?"

"आलं की. म्हटलं, मोठ्या लोकांना वर चढायचं असेल."

"लेकीच्या टेबलाजवळ तुमचं जाणं-येणं असतं?"

गोदामवाल्याने कमरेवरचा हात काढला. "कळलाव्या, स्वच्छ विचार. मी जाऊन शून्य वाढवतो का? अरे बाबा, वाढवलेलं प्रत्येक शून्य मलाच पाठीवर घ्यावं लागतं. मला वाढवायचं असतं तर सुट्ट्यांच्या अर्जात वाढवलं असतं."

हे मात्र पटण्यासारखं होतं. कळलाव्याला पटलं, आणि पटलं म्हणून त्याला आणखी वाईट वाटलं. तिसरा माणूस हातचा गेला.

मग तो कपाटाआड बसून लेकीच्या हातांवर पाळत ठेवायला लागला. समोर वर्तमानपत्र धरलेलं, त्याला मधोमध पेनाने पाडलेलं भोक. भोकातून एक डोळा, असा दिवसभर. दुपारी एकदा पडद्यावर 'तीस कुदळी'च्या जागी तीनशे झाल्या. लेकीने जीभ चावली आणि एक शून्य खोडलं. पण तिचं बोट एकदा उठलं होतं की दोनदा? भोक होतं पडद्याकडे. बोटाकडे वळवेपर्यंत वेळ निघून गेली. आणि कानाचा उपयोग शून्य. कळ कट् करणारी असती तर कट् एकदा झालं की दोनदा, कपाटामागून आंधळ्यानेही सांगितलं असतं. चाळीस वर्षं तिच्या मुकेपणाचं कौतुक केलं, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं, बये, एक शब्द बोल!

ती बोलली नाही. आणि मग कळलाव्याच्या मनात जे यायला नको होतं ते आलं. लेक थकते. सकाळी लवकर उठते, घरचं आवरते, बसते ती पाच वाजेपर्यंत. थकलेलं बोट थरथरतं. मुकी कळ त्याला सांगत नाही की झालं तुझं काम, उचल. मग ते पुन्हा दाबतं. तिला स्वतःलाही पत्ता नसेल. तसं असलं, तर उद्या तीन वाजता तिची नोकरी जाणार, आणि तिच्या बाजूने बोलायला बापाच्या तोंडात एक खरा शब्द नसणार. घरी जाताना त्याला लेकीच्या बरोबरीने चालवेना. दोन पावलं मागे राहिला.

"काय झालं?" लेक वळून म्हणाली. "माझ्या चालीवरही संशय?"

बुधवारी एक वाजता भांडार जेवायला उठलं. लेक डबा घेऊन गच्चीवर गेली. कळलाव्या खिशातून लोखंडी वॉशरची पुडी काढून तिच्या खुर्चीत बसला. हे त्याच्या धंद्यातलं जुनं माप. कळीवर एकावर एक वॉशर ठेवत जायचे. ठरावीक वजन झालं की स्प्रिंग हार मानते आणि कळ आपोआप खाली जाते. यात बोटाचा संबंध येत नाही.

शून्याच्या कळीवर त्याने वॉशर रचले. नवव्याला कळ हळूच बसली. पडद्यावर एक शून्य. चिमट्याने वॉशर उचलले, पुन्हा ठेवले. एक शून्य. पुन्हा. एक. बारा वेळा एकेकच, आणि दरवेळी लेकीवरचा संशय वीतभर वाढत गेला. तेराव्या वेळी कळ खाली बसली आणि पडद्यावर उमटली दोन.

कळलाव्या हात वर धरून बसून राहिला. श्वाससुद्धा बेताने. वॉशरला बोट नसतं. वॉशर थकत नाही, त्याला घरचं आवरायचं नसतं. लेकीचं बोट सुटलं! त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर असा हात फिरवला, जणू ती खुर्ची नसून तिचीच पाठ असावी. मनातल्या मनात तिची माफी मागून टाकली; तोंडाने मागणं जमलं नसतं.

राहिली कळ. त्याने कळीची टोपी काढली, डबीच्या चार चापांत चिमटा घालून वरचा भाग उचलला, दांडा काढला, स्प्रिंग काढली, आणि भिंग डोळ्याला लावलं. आत कोरडं ठणठणीत असायला हवं. होतं काय, तर दांड्यावर आणि सोन्याच्या पातीवर एक चकचकीत थर, आणि त्याला चिकटलेली धूळ, कापसाचा एक तंतू. तेल! थरावरून पाती घसरत होती, टेकत होती, सुटत होती, पुन्हा टेकत होती. एका दाबात दोन शून्यं.

"कोणी घातलं?" कळलाव्या रिकाम्या खोलीत गरजला. डोळ्यापुढे गोदामवाला येऊन गेला, खुर्च्या पुरवणारा येऊन गेला, मोठ्या बाईसुद्धा येऊन गेल्या. मुक्या कळीत तेल! असला नीचपणा शत्रूशिवाय कोण करणार! थर खरवडायला त्याने टाचणी घेतली, आणि सवयीप्रमाणे ती डोक्याच्या मागच्या बाजूला, उरल्यासुरल्या केसांत दोनदा फिरवली.

टाचणी हवेतच थांबली.

शिंपी जाड कापडात सुई घालण्याआधी ती केसांतून फिरवतात, म्हणजे ती सुळकन जाते. कळलाव्याचा बाप शिंपी होता. लहानपणी त्याने ते पाहिलं, हाताने उचललं, आणि हातात ते इतकं मुरलं की डोक्याला विचारायची गरज उरली नाही. टाचणी, चिमटा, बारीक तार, जे हातात येईल ते आधी केसांतून जायचं. आणि केसांची ती झालर रोज सकाळी मोगऱ्याच्या तेलात न्हाऊन निघायची. लेकीचा कळफलक बांधताना शून्याचा दांडा जरा खरखरत होता. त्याने टाचणीने त्याची कड घासली होती. लेकीसाठी म्हणून, इतर कळांपेक्षा जरा जास्तच मन लावून.

त्याने दांडा नाकाशी नेला. मोगरा.

सगळ्या गावावर संशय घेऊन झाला होता, एका डोक्यावर घ्यायचा राहिला होता, आणि ते खांद्यावरच होतं. गावातल्या निम्म्या कळफलकांत त्याची टाचणी फिरलेली. हे बाहेर पडलं तर उद्या दुकानाच्या पायरीवर लोक त्याला अर्धा तास सुनवतील, आणि तेही उभं करून. पण लेकीला वाचवायचं तर कळ दोषी आहे हे सांगायलाच हवं. कळ दोषी म्हटलं की पुढचा प्रश्न, कोणी बिघडवली. कळलाव्याने तीन वाजेपर्यंत विचार केला. त्याच्या मते त्याला फार सुंदर उत्तर सापडलं.

तीन वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं, सहीची जागा तेवढी रिकामी. एका बाजूला लेक उभी, हात घट्ट बांधून. दाराशी गोदामवाला कमरेवर हात ठेवून. कळलाव्याने शून्याची डबी उघडी ठेवूनच कळफलक टेबलावर मांडला, आणि दांडा शेजारी एका कागदावर.

"बाई, तुमचा विश्वास बसणार नाही," त्याने सुरुवात केली, "पण या कळीत एक मुंगी राहत होती."

"मुंगी?"

"बिऱ्हाडच होतं म्हणा. पातीवर बसायची. ही मुलगी कळ दाबायची ती एकदाच. पाती हलायची, एक शून्य उमटायचं. मुंगी दचकायची, उडी मारायची, आणि धप्पकन परत पातीवर पडायची. दुसरं शून्य!"

"मुंगीच्या वजनाने?" गोदामवाला म्हणाला.

"अंगाने आडवीच होती. तुमच्यासारखी."

"दाखवा."

"पळाली. मी डबी उघडली तशी माझ्याकडे मान वर करून बघितलंन, जणू मी न विचारता तिच्या घरात शिरलो, आणि टेबलाच्या कडेवरून चालती झाली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, डबीत वाकून पाहिलं. कळलाव्याने वॉशरचा प्रयोग सांगितला, तेव्हा त्यांनी वॉशर मागून घेतले, स्वतः कळीवर ठेवून पाहायला. कळलाव्याने डबी भराभर जोडली आणि कळफलक बाईंच्या पडद्याला लावून दिला. नशिबाने दुसऱ्याच वेळी दोन शून्यं उमटली. "मुंगी गेली, पण पातीला उडीची सवय लागली," तो म्हणाला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे हिने खरंच एकदाच दाबलं."

"एकदाच!" कळलाव्या म्हणाला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीचे बांधलेले हात सुटले.

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी ते पत्र उचललं, घडी घालायला घेतली, आणि अर्ध्या घडीवर थांबल्या. "पण मुंगी कळीत शिरते कशाला?"

"गोडाला!" कळलाव्या म्हणाला. जीभ मनाच्या दोन पावलं पुढे होती. "मुंगी दुसऱ्या कशाला येणार?"

"म्हणजे कळफलकावर काहीतरी गोड सांडलं होतं."

"सांडलं असेल थोडं..."

"आणि त्या टेबलावर एकच माणूस बसतं." बाईंनी पत्राची घडी उलगडली. "कचेरीच्या वस्तूवर खाणं सांडायचं, साफ करायचं नाही, आणि चारशे खुर्च्या गल्लीत. हे दोनदा दाबण्यापेक्षा वाईट आहे." त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं.

"मी टेबलावर काही खात नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "गच्चीवर जाते. रोज. विचारा कोणालाही."

"मुंगीला विचारू?" बाई म्हणाल्या.

कळलाव्याला घाम फुटला. "नाही, नाही बाई, ऐका. ही मुंगी गोडाची नव्हती. ती वेगळ्या जातीची. ती... गारव्याला आली होती. धातूच्या. सोन्याचा मुलामा असतो ना, त्याच्या गारव्याला काही मुंग्या..."

"भर थंडीत?" दारातून गोदामवाला म्हणाला.

"तिला उन्हाळी लागली होती!"

पेनाचं टोपण निघालं. लेकीने बापाकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने कळीची डबी उघडली, दांडा दोन बोटांत धरला, बोटं एकमेकांवर घासली. ती बोटं नाकाशी नेली. भुवया वर गेल्या. पुन्हा हुंगलं.

"बाबा," ती म्हणाली, "वाका जरा."

"कशाला?"

"वाका म्हणते ना."

कळलाव्या वाकला. त्या खोलीत दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. लेकीने सगळ्यांदेखत त्याच्या डोक्याच्या मागच्या झालरीला नाक लावलं, मग दांड्याला लावलं, मग पुन्हा डोक्याला. आणि सरळ उभी राहून मोठ्याने म्हणाली,

"बाई, सही थांबवा. मुंगीबिंगी काही नाही, धादांत थाप आहे ही. ह्या कळीला माझ्या बापाच्या डोक्याचा वास येतोय!"